हनुवटीचं ऑपरेशन पुन्हा करावं का? खानापूरहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे तुमच्यासारख्या इतरांनाही पुढचं बोलणं कळेल. तुमचं वय २८. सात महिन्यांपूर्वी एका मोठ्या शहरात तुमच्या हनुवटीचं हाड कापून ८ मिलिमीटर पुढे सरकवलं. आता तक्रारी चार आहेत. हनुवटी लांब आणि टोकदार वाटते. जबड्याच्या डाव्या कडेला बोटाला खाच लागते. खालचा ओठ डावीकडे बधीर आहे आणि पाणी पिताना ओघळ येतो. ओठ सैल सोडला की खालचे दात दिसतात. पहिले डॉक्टर म्हणतात थांबा. दुसऱ्या एका क्लिनिकने "एकदाच उघडून सगळं सरळ करू" म्हणत दसऱ्यानंतरची तारीख दिलीय. तुळशीच्या लग्नानंतर घरात स्थळं बघायची आहेत, आणि आई म्हणते, "आता चेहऱ्याला हात लावून घेऊ नको गं."

मी बेळगावात तोंडाची आणि जबड्याची ऑपरेशनं करतो, त्याला पंचवीसेक वर्षं होत आली. माझं मत आधीच सांगून टाकतो: दसऱ्यानंतरची तारीख रद्द करा. पुन्हा ऑपरेशन कधीच करू नका, असं मी म्हणत नाही. तुमच्या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. त्यांचे उपाय वेगळे, आणि उपायाची वेळही वेगळी. तीन तक्रारी थांबू शकतात. एक मात्र याच आठवड्यात तपासायला हवी, आणि तुमच्या पत्रात तिच्यावर सगळ्यात कमी लिहिलंय.

ती म्हणजे बधिरपणा.

खालच्या जबड्याच्या हाडाच्या पोटातून एक नस पुढे येते. सुळ्यामागच्या दोन छोट्या दाढांच्या मुळांखाली एक बारीक भोक असतं, त्यातून ती बाहेर पडते आणि ओठाला, हनुवटीच्या कातडीला जाते. गंमत अशी की बाहेर पडण्याआधी ती त्या भोकाच्या थोडी खाली उतरून मग वर वळते. म्हणून हाड कापताना भोकापासून किमान पाच-सहा मिलिमीटर खाली राहावं लागतं. व्यवस्थित कापलं तरी ऑपरेशन चालू असताना मांस बाजूला ओढून धरताना नस ताणली जाते आणि ओठ बधीर होतो. हे खूप जणांना होतं, आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप भरून येतं. पण नस कापली गेली असेल किंवा हाड जागी धरणाऱ्या स्क्रूखाली दाबली गेली असेल, तर नुसतं थांबून काही साधत नाही. नसेची दुरुस्ती पहिल्या काही महिन्यांत केली तर तिचा उपयोग सगळ्यात जास्त. वर्ष उलटलं की आशा बरीच कमी होते. तुमचे सात महिने गेलेत.

घरी एक गोष्ट करून बघा. बहिणीला समोर बसवा. कापसाचं टोक पिळून धाग्यासारखं करायला सांगा. तुम्ही डोळे मिटा. तिने उजव्या, चांगल्या बाजूपासून सुरुवात करून कापूस हळूहळू डावीकडे टेकवत जावा आणि स्पर्श कळेनासा झाला की भुवयांच्या पेन्सिलने तिथे ठिपका द्यावा. मग खालून वर, मग गालाकडून ओठाकडे. ठिपके जोडले की बधीर भागाचा नकाशा तयार होतो. त्यावर बटर पेपर ठेवून तो उतरवून घ्या, ओठाचा कोपरा आणि हनुवटीचा मध्य खुणेसाठी दाखवा, खाली तारीख घाला. त्याच जागेत दातकोरणीचं टोक हलकेच टेकवून टोचणं कळतं का, तेही लिहा.

मुंग्या येतात, मधूनच बारीक झटका बसल्यासारखं होतं, गार पाण्याचा गारवा थोडा कळायला लागलाय, असं असेल तर नस जिवंत आहे आणि वाढतेय. नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणून हे काम सावकाशीचं. पण सगळा भाग लाकडासारखा मेलेला असेल, सात महिन्यांत इंचभरही फरक नसेल, किंवा नुसता वारा लागला तरी आग होत असेल, तर लगेच जबड्याचा सीबीसीटी स्कॅन (सगळ्या बाजूंनी हाड दाखवणारा थ्रीडी एक्स-रे) करून घ्या आणि नसांची सूक्ष्म शस्त्रक्रिया करणाऱ्या जबड्याच्या सर्जनला दाखवा. स्कॅनमध्ये स्क्रू नसेच्या वाटेत दिसतोय का, कापाची रेघ भोकाच्या किती खाली आहे, हे स्पष्ट कळतं. आणि एक गोष्ट मनातून काढून टाका: हनुवटी मागे घेतली की बधिरपणा जाईल, असं होत नाही. उलट त्याच वाटेने पुन्हा आत गेलं की तीच नस दुसऱ्यांदा ताणली जाते, तीही आता व्रणात अडकलेली असताना.

पाणी ओघळतं म्हणून तुम्हाला ओठ लुळा पडल्याची भीती वाटते, असं दिसतं. ओठ हलवणारी नस वेगळी असते. शिट्टी वाजवता येत असेल आणि खालचे दात दाखवताना दोन्ही बाजू सारख्या खाली जात असतील, तर ओठाला बळ आहे. पाणी कुठे आहे, हेच त्याला कळत नाहीये.

आता खालचे दात दिसण्याबद्दल. हनुवटीच्या हाडावर मेंटॅलिस नावाचा जोडीचा लहानसा स्नायू असतो. तो खालच्या ओठाला खालून टेकू देतो. आज आपण करतो ते तोंडातून आत जाऊन हनुवटी सरकवण्याचं ऑपरेशन ट्राउनर आणि ओब्वेगेझर या सर्जननी १९५७ मध्ये मांडलं. त्याचा मोठा फायदा म्हणजे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. पण तोंडातून हाडापर्यंत पोहोचायचं तर हा स्नायू कापावाच लागतो, आणि बाहेर पडताना तो जागच्या जागी, थरावर थर शिवावा लागतो. हाड कापणं, ते जागी धरणारी धातूची पट्टी बसवणं यात सगळ्यांचं लक्ष असतं, आणि शेवटी दमलेल्या हातांनी ही शिवण उरकली जाते. मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की हाडाला दिला तेवढाच वेळ या शिवणीला द्या. ती सैल राहिली की हनुवटीचं मांस खाली घसरतं, ओठ उतरतो आणि खालचे दात उघडे पडतात.

माझ्याकडे ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी खुर्चीची पाठ सरळ करतो, मान टेकवू देत नाही. "मामा" असं दोन-तीनदा म्हणायला सांगतो आणि मग गप्प राहायला सांगतो. तसं बोलून झालं की ओठ आपोआप सैल पडतात. मुद्दाम सैल सोडायला सांगितलं तर माणसं ते धरून ठेवतात. त्या क्षणी लहान स्टीलची मोजपट्टी लावून खालचा दात किती मिलिमीटर दिसतो ते मोजतो. मग ओठ मिटायला सांगतो. मिटताना हनुवटीची कातडी आक्रसून लिंबाच्या सालीसारखे बारीक खड्डे पडले, तर ओठाला जोर लावावा लागतोय. तुमच्या वयाला सैल ओठात खालचे दात जेमतेम दिसावेत, किंवा दिसूच नयेत.

सहा महिने झाल्यावर सैल राहिलेला स्नायू आपण होऊन वर चढत नाही. ओठाचे व्यायाम सुरुवातीला मदत करतात, आता फार नाही. तपासणीत हेच कारण निघालं तर उपाय आहे: स्नायू मोकळा करून वर उचलायचा आणि हाडाला नीट बांधायचा. यासाठी हाड पुन्हा कापावं लागत नाही, हे लक्षात ठेवा. तुमच्या चार तक्रारींपैकी पुन्हा ऑपरेशन करण्याचं सगळ्यात ठोस कारण मला हेच दिसतं. फक्त ते व्रण मऊ पडल्यावर, म्हणजे वर्षाच्या आसपास करावं. ओठाच्या आतली खोबण प्रत्येक ऑपरेशनाला थोडी उथळ होत जाते, म्हणून ही शिवण दुसऱ्या वेळी चुकली तर तिसऱ्या वेळी फार अवघड होते.

खाचेचं पटकन सांगतो. हात धुऊन दोन्ही अंगठे कानाखालच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या खालच्या कडेवरून पुढे सरकवत आणा. हाडाचा मधला तुकडा पुढे गेला की त्याची शेपटी जिथे संपते तिथे पायरी राहते. काप जितका आखूड घेतला, तितकी पायरी ठळक. प्रश्न एवढाच की ती दिसते की नुसती लागते? बोटालाच लागत असेल तर तिच्यासाठी कुणालाही हात लावू देऊ नका. उजेडात तिरकं उभं राहिल्यावर सावली पडत असेल तर ती भरता येते, स्वतःच्या चरबीने किंवा हाडाला चालणाऱ्या भरावाने, किंवा वरची कडा घासून मऊ करता येते. काम छोटं आहे. सगळी हनुवटी पुन्हा सोडवण्याचं कारण खाच होऊ शकत नाही.

राहिली लांब आणि टोकदार हनुवटी. तुमचं अर्ध्याहून अधिक पत्र हिच्यावर आहे, म्हणून हिच्यावर नीट बोलू.

सूज सहा ते आठ आठवड्यांत बरीचशी उतरते, पण उरलेली सहा महिने रेंगाळते, आणि मांस-कातडी नव्या हाडावर बसायला वर्ष लागतं. हाडसुद्धा वर्षभर आपल्या कडा घासून गोल करत असतं. म्हणून मी बारा महिन्यांच्या आत आकाराबद्दल निकाल देत नाही. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी निपाणीकडचा एक मुलगा आला होता. बाहेर केलेल्या ऑपरेशनला पाच महिने झालेले, हनुवटी फार पुढे आली म्हणून रात्री झोपत नव्हता, आणि नोकरीसाठी आखातात जायची तारीख ठरलेली. त्याच्या वडिलांनी माझे हात धरले. मी हाड मागे घेतलं. वर्षाने सुट्टीवर आला तेव्हा उरलेली सूजही गेली होती, आणि हनुवटी त्याला हवी होती त्याहून मागे दिसत होती. खाली गळ्याशी कातडी सैल लोंबत होती. त्याने मला एका शब्दाने दुखावलं नाही. पण माझ्या हाताने त्याचं नुकसान झालं हे मी विसरलेलो नाही, आणि तारखेच्या दबावाखाली मी त्यानंतर कधी हनुवटीला सुरी लावली नाही.

त्या मुलाचं असं का झालं, ते समजून घ्या. हाड पुढे आणलं की मांस जवळजवळ तेवढंच पुढे येतं. दहा मिलिमीटरला आठ-नऊ मिलिमीटर येतं, असं धरून चालतो. पण हाड मागे घेतलं की मांस साधारण निम्मंच मागे जातं, उरलेलं खाली आणि गळ्याकडे गोळा होतं. एकदा ताणलेली कातडी जुन्या मापावर परत येत नाही. त्यामुळे दुसरं ऑपरेशन म्हणजे पहिलं ऑपरेशन उलटं फिरवणं, अशी कल्पना असेल तर ती सोडून द्या.

दुसरं म्हणजे "पुढे", "लांब" आणि "टोकदार" या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. कापाच्या तिरकेपणाप्रमाणे तुकडा पुढे सरकताना थोडा वर किंवा खालीही जातो, आणि खाली उतरला तर चेहरा लांब होतो. त्याला मागे घेऊन उपयोग नाही, मधून हाडाची चकती काढून उंची कमी करावी लागते. टोकदारपणा बहुधा रुंदीचा असतो: मधला तुकडा पुढे गेला, मागचा जबडा रुंदच राहिला, म्हणून बदामाच्या टोकासारखं दिसतं. त्याला बाजू भरून किंवा कडा गोल करून भागतं. तुम्हाला तारीख देणाऱ्या क्लिनिकने यातलं नेमकं काय करणार, किती मिलिमीटर, हे लिहून दिलंय का? ऑपरेशनाआधीचा आणि नंतरचा बाजूने काढलेला सेफॅलोग्राम, म्हणजे डोक्या-जबड्याचा मापाचा एक्स-रे, एकावर एक ठेवला की हाड पुढे किती गेलं आणि खाली किती उतरलं, हे कुणालाही मोजता येतं. हे मापच केलं नसेल तर ते कशाला मागे घेणार आणि कुठवर?

दोन-तीन मिलिमीटरच्या आतल्या फरकासाठी मी पुन्हा हाड कापत नाही. तुमच्यासाठी ते किती असेल, हे बघायचा एक घरगुती मार्ग आहे. पाच-सहा फुटांवरून बाजूने फोटो काढून घ्या, मान सरळ, नजर समोर. चेहऱ्याच्या खऱ्या मापात छापून घ्या, झेरॉक्सवाला कानापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचं अंतर मोजून करून देतो. त्यावर बटर पेपर ठेवून तीन वेळा बाह्यरेषा काढा: एक जशी आहे तशी, एक हनुवटी दोन मिलिमीटर मागे, एक चार मिलिमीटर मागे. कोणती कोणती ते न सांगता बहिणीला आणि मैत्रिणीला दाखवा. माझ्या खोलीत हा प्रयोग केला की दोन मिलिमीटरवाली रेघ बहुतेकांना ओळखताच येत नाही.

पाच फूट अंतर मुद्दाम सांगितलं. हात लांब करून मोबाइलने काढलेल्या फोटोत जे जवळ ते मोठं होतं. फूटभर अंतरावरून नाक पाच फुटांच्या तुलनेत सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं, असं मोजून दाखवलेलं आहे, आणि बाकीचा चेहरा त्या मानाने विचित्र दिसतो. तुम्ही पाठवलेले अकराच्या अकरा फोटो तसेच आहेत. त्यांवरून मी तर मत देणार नाहीच, तुम्हीही देऊ नका.

ताई, आणखी एक तपासून बघा, कारण आपल्या भागात हे नेहमी सुटतं. लहानपणी जिन्यावरून, झाडावरून, सायकलवरून हनुवटीवर पडला होतात का? हनुवटीला टाके पडले होते का? अशा पडण्यात कानासमोरचा जबड्याचा सांधा मोडू शकतो. बाहेरची जखम शिवून घरी पाठवलं जातं, आणि सांध्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग त्या बाजूचा जबडा कमी वाढतो आणि मोठेपणी हनुवटी लहान किंवा वाकडी दिसते. आरशासमोर सावकाश तोंड उघडा. हनुवटी एका बाजूला झुकते का? आपलीच तीन बोटं उभी तोंडात मावायला जड जातात का? वरचे दात खालच्या दातांच्या खूप पुढे आहेत का, रात्री घोरता का? यातल्या दोन-तीन गोष्टींना "होय" आलं, तर दोष हनुवटीत नव्हता, सगळा खालचा जबडाच मागे होता, आणि हनुवटी पुढे ओढून तो झाकला गेला. तसं असेल तर हनुवटीवर कितीही काम केलं तरी चेहरा समाधान देणार नाही. तिथे दातांना तारा लावून मग जबडा पुढे आणण्याचा विचार करावा लागतो, आणि तो दीड-दोन वर्षांचा रस्ता आहे. मान्य व्हायला जड आहे. पण चुकीच्या जागी दुसरं ऑपरेशन करण्यापेक्षा हे बसून ऐकणं बरं.

हे वाचणाऱ्यांत कुणाला हाड न कापता इम्प्लांट बसवलेलं असेल, तर त्यांचं गणित थोडं वेगळं. सायलिकॉनच्या तुकड्याभोवती शरीर एक पिशवी तयार करतं, म्हणून तो काढायला सोपा. मेडपोरसारख्या सच्छिद्र पदार्थात मांस शिरून वाढतं, तो काढताना आजूबाजूचं सोलावं लागतं. वर्षानुवर्षं दाब पडून सायलिकॉनखालचं हाड झिजतं, म्हणून अधूनमधून एक्स-रे बघत जा. आणि तुकडा नुसता काढून टाकला तर रिकाम्या जागेवरची कातडी लोंबते. काढताना तिथे काय ठेवायचं, हे आधी ठरलेलं हवं. हायलुरॉनिक ॲसिडचा फिलर, म्हणजे सुईने भरलेला जेल, असेल आणि तो नकोसा झाला, तर तो विरघळवण्याचं इंजेक्शन मिळतं, त्याला ऑपरेशनची गरज नाही.

आणि हे कुणालाही, कधीही: महिने उलटल्यावर एकाएकी सूज आली, तोंडात पू किंवा खारट-घाण चव लागते, हिरडीतून पट्टीचा धातू दिसतो, इम्प्लांट बोटाखाली सरकतो, पुढचा एखादा दात काळा पडतोय, तर वर्षाची वाट बघायची नाही. दोन दिवसांत डॉक्टरांना गाठा. टायटॅनियमची पट्टी मात्र काही त्रास नसेल तर जन्मभर आत राहिली तरी चालते. "लोखंड आत आहे" म्हणून घाबरून ती काढायला जाऊ नका.

आता कागद. पहिल्या हॉस्पिटलकडून ऑपरेशनची नोंद, आधीचे-नंतरचे एक्स-रे, पट्टी आणि स्क्रूची माहिती, भुलेचा कागद आणि संमतीपत्र मागून घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ते जपून ठेवावे लागतात. भांडायला म्हणून मागू नका. पट्टी कुठल्या मापाची आहे हे माहीत नसताना आत शिरणारा सर्जन अंधारात चाचपडतो, म्हणून मागा. संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल आणि तुम्हाला मराठीतच नीट कळत असेल, तर पुढच्या वेळी सही करण्याआधी प्रत्येक ओळ मराठीत समजावून घ्या. बेळगावात ते करून देणारा माणूस कुठल्याही हॉस्पिटलात सापडतो, विचारायला लाजू नका.

पैशाचंही बोलायला हवं, कारण आईच्या पाटल्या गहाण टाकायचा विचार तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलाय. सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि आरोग्य विमा बहुतेक वेळा ते धरत नाही. जन्मजात दोष, वाढीतला दोष किंवा अपघातामुळे बिघडलेलं दुरुस्त करायचं असेल तर कर लागत नाही, आणि विम्याकडेही बाजू मांडता येते. म्हणून वर सांगितलेली जबड्याची तपासणी पैशाच्या दृष्टीनेही करून घ्या. पहिल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा की त्यांनीच दुरुस्ती केली तर फी, भूल आणि खोलीचं काय घेतील. अनेक जण स्वतःची फी सोडतात.

दुसरं मत घ्याच. ज्याला तुमच्या ऑपरेशनातून काही मिळणार नाही, अशा ठिकाणी घ्या. बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, धारवाडला आहे, गोव्यात बांबोळीला सरकारी आहे. तिथल्या ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी विभागाची ओपीडी गाठा. जाताना नकाशाचे बटर पेपर, एक्स-रे आणि तुमच्या चार तक्रारी वेगवेगळ्या चार ओळींत लिहून न्या. डॉक्टरांना विचारा की त्यांनी दुसऱ्यांदा उघडलेल्या अशा किती हनुवट्या पाहिल्यात, आणि काहीच केलं नाही तर काय होईल. या दुसऱ्या प्रश्नावर जो डॉक्टर शांतपणे दोन मिनिटं बोलतो, त्याच्याकडे मी माझ्या मुलीलाही पाठवीन.

लग्नाचं बघणं तुमच्या निर्णयात सगळीकडे डोकावतंय. साध्या हिशेबाने बघा: दसऱ्यानंतर ऑपरेशन झालं तर तुळशीच्या लग्नाला तुमचा चेहरा सुजलेला असेल, दीड महिना हाड कच्चं असेल, कडक भाकरी, ऊस, शेंगदाणे बंद, आणि ओठ आजच्यापेक्षा जास्त बधीर. लोकांसमोर बसायचा काळ हा नव्हे. आज जसा आहे तसाच चेहरा घेऊन बसलात तर समोरच्याला यातलं बहुधा काहीच दिसणार नाही.

तरीही एक विचारतो, रागावू नका. दिवसात किती वेळ आरशासमोर किंवा फोनमधल्या फोटोंत जातो? हनुवटीमुळे ऑफिसला दांडी मारता का, लग्नकार्याला जाणं टाळता का? घरचे "काही दिसत नाही" म्हणतात तेव्हा ते खोटं बोलतात असं ठाम वाटतं का? पहिल्या ऑपरेशनाआधी नाकाबद्दल किंवा दातांबद्दल असंच वाटत होतं का? उत्तरं "होय" कडे झुकत असतील तर ऑपरेशनाआधी मनोविकार डॉक्टरांना भेटा. शरीराच्या एखाद्या भागात मन अडकून पडण्याचा एक आजार असतो. त्यावर चांगले उपचार आहेत, पण ते सुरीने होत नाहीत. ऑपरेशन झालं की मन दुसऱ्या जागी जाऊन अडकतं. तो आजार असला तरी तुमची खाच आणि बधिरपणा खोटा ठरत नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, आणि दोन्हीकडे बघावं लागतं.

दुरुस्ती करायचं ठरलंच, तर मिश्री आणि तंबाखू आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. हे तुम्हाला लागू नसेलही, पण आपल्या भागातल्या बायका मिश्रीला तंबाखू धरत नाहीत म्हणून लिहितो. टाके नेमके तिथेच असतात, जिथे बोटाने मिश्री फिरते.

तर तुमच्यापुरतं असं करा. कापसाची चाचणी या रविवारी. नकाशा पूर्ण मेलेला निघाला किंवा आग होत असेल तर सोमवारी सीबीसीटी. मुंग्या असतील तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवा बटर पेपर, आधीच्या नकाशावर ठेवून बघायचा. ओठ मी सांगितला तसा महिन्यातून एकदा "मामा" म्हणून मोजा. आकाराबद्दल शिमग्यापर्यंत काहीही ठरवू नका, तोवर वर्ष भरलेलं असेल. मग बाजूचा नवा एक्स-रे काढा आणि सगळे कागद घेऊन बेळगावला या. सकाळच्या बसने या. आईलाही सोबत आणा.